पार्किंगमधले कावळे

आमच्या अडीच वर्षांच्या नातवाला झोपेचा काहीही त्रास नाही. सकाळी आठला उठतो तेव्हा त्याच्याइतकं टवटवीत माणूस आख्ख्या सोसायटीत नसतं. त्रास आहे तो घरातल्या उरलेल्या चौघांना आणि खालच्या मजल्यावरच्या एका अतिशय सभ्य कुटुंबाला. रात्री साडेअकरापर्यंत राजांचा ट्रॅक्टर आमच्या फरशीवर, म्हणजे त्यांच्या डोक्यावर, नांगरट करत असतो. मग राजे झोपतात. दोनला उठून पाणी मागतात. पावणेचारला उठून, पाणी निळ्या पेल्यात का नाही दिलं, या दोनच्या प्रकरणावर रडतात.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात आयुष्यभर तीन पाळ्यांत काम केलं. "बाबांना रात्री जागायची सवय आहे," या एका वाक्यावर घरच्यांनी ही तिसरी पाळी बिनविरोध माझ्या गळ्यात घातली. कारखान्यात निदान सकाळी रिलीव्हर यायचा. शिवाय नाइट अलाउन्स मिळायचा.

आम्ही भूगावला राहतो, तालुका मुळशी. बाहेरच्यांना मुळशी म्हटलं की ताम्हिणीचे धबधबे आणि आंबेमोहोर आठवतो, पण कागदोपत्री हिंजवडीसुद्धा आमच्याच तालुक्यात मोडते. चिरंजीव आणि सूनबाई तिथेच नोकरीला. त्यांच्या साहेबाचा दिवस अमेरिकेत उजाडतो. त्यामुळे रात्री साडेनऊला, जेव्हा पूर्वी इथली कुत्रीसुद्धा भुंकून दमलेली असायची, तेव्हा आमच्या हॉलमध्ये "आवाज येतोय का? माझा स्क्रीन दिसतोय का?" सुरू होतं. पोराला आवाजही येतो आणि स्क्रीनही दिसतो. तो झोपेल कशाला?

यावर प्रत्येकाने आपापला उपाय काढला.

सूनबाईंचा उपाय बोस्टनहून आला. तिथल्या रिचर्ड फर्बर नावाच्या डॉक्टरांनी 1985 साली एक पुस्तक लिहिलं. मुलाला जागेपणीच अंथरुणावर ठेवायचं, खोलीबाहेर यायचं; रडलं तर थोडं थांबून आत जायचं, धीर द्यायचा, पुन्हा बाहेर यायचं आणि दर वेळी थांबण्याचा अवधी वाढवत न्यायचा. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, जगभर अनेक घरांत लागू पडली आहे. पण फर्बरसाहेबांनी आजी हा घटक धरलेला दिसत नाही. पहिल्या रात्री सूनबाई घड्याळ लावून दाराबाहेर उभ्या राहिल्या. पोराने पहिला सूर लावला आणि आमची ही, गुडघेदुखीची पेशंट, सोफ्यावरून उठून सुनेच्या अंगावरून आत. "लेकरू रडतंय आणि तुम्ही काटा बघताय?" बोस्टनचा प्रयोग मुळशीत तिथेच संपला.

चिरंजीवांचा उपाय मोबाइलवरचा. पावसाच्या संथ आवाजाने मुलं झोपतात असं त्याने कुठेतरी वाचलं. म्हणून त्याने भर जुलैत, बाहेर आभाळ फाटलेलं असताना, सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या आणि मोबाइलवर पाऊस लावला. मोबाइलमधल्या पावसाला मध्येमध्ये जाहिराती होत्या.

हिचा उपाय म्हणजे जायफळ. सहाणेवर दोन वेढे जास्तच. त्यावर लसीकरणाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी असं काही सुनावलं की जायफळाची रवानगी थेट श्रीखंडाच्या डब्यात झाली. जायफळाचं प्रमाण चुकलं तर लहान मुलाला विषबाधा होते, आणि सर्दीची पेंग आणणारी औषधं झोपेसाठी देणं हा त्याचाच शहरी अवतार, असं त्यांचं म्हणणं.

राहिली दृष्ट. मध्ये काही रात्री पोरगं झोपल्यावर तास-दीड तासाने किंचाळून उठून बसायचं. डोळे टक्क उघडे, पण ओळख कोणाचीच नाही. जवळ घ्यावं तर ढकलून द्यायचं. हिने मीठ-मोहरी ओवाळली की पाच-दहा मिनिटांत शांत. यश शंभर टक्के! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे स्वप्न नव्हे. गाढ झोपेतून मूल अर्धवटच जागं होतं, त्यात असं घडतं. झोपेच्या पहिल्या काही तासांत येतं, आपलं आपण विरतं, सकाळी मुलाला काही आठवत नाही. उठवू नका, फक्त पडू-आपटू देऊ नका. खरी वाईट स्वप्नं पहाटेकडे पडतात, आणि ती मूल सांगूही शकतं. म्हणजे दृष्ट उतरायला लागणारा वेळ आणि हे विरायला लागणारा वेळ अगदी जुळतो. मी हिला हे सांगितलं. "मग उतरली ना?" ती म्हणाली. यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

याच डॉक्टरीणबाईंनी माझी झडतीच घेतली. रोज घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का? तसं असेल तर टॉन्सिल-ॲडेनॉइड बघावे लागतील. झोपताना पाय सारखे झाडतो का? मग रक्तातलं लोह तपासू. दुपारी किती झोपतो? पाळणाघरात पाचपर्यंत, मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. या वयाला दिवसाची धरून अकरा ते चौदा तास झोप पुरते, तो पाचपर्यंत झोपला तर रात्री साडेअकराला झोपणं त्याच्या हिशेबात चोख आहे, म्हणाल्या. आणि रात्री जाग येणं हा आजार नव्हेच. झोपेची आवर्तनं असतात, प्रत्येकाच्या शेवटी माणूस किंचित जागा होतो. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो, विसरतो. मूल मात्र बघतं, की झोपताना आजोबांचा हात पाठीवर होता, तो गेला कुठे? मग ते तक्रार नोंदवतं. थोपटत झोपवलेलं मूल प्रत्येक वळणावर थोपटणं मागतं. माझा उजवा हात म्हणजे ज्याच्याशिवाय झोपेचं कुलूप उघडत नाही अशी किल्ली होऊन बसला होता.

खरा उलगडा महावितरणने केला. एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली. वायफाय मेलं, साहेब अमेरिकेत एकटे पडले, ट्रॅक्टर अंधारात सापडेना. आठ वाजता पोरगं आजीच्या मांडीवर गाढ. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन पाझरायला लागतं, आणि उजेड ते रोखतो. लहानांच्या डोळ्यांत तो मोठ्यांपेक्षा जास्त शिरतो. आता गंमत बघा. 1921 साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला तो याच विजेपायी. शेतकऱ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणाखाली गेल्या, पाणी घाट उतरून भिऱ्याला पोचलं, 1927 पासून वीज मुंबईला. आमच्या आजोबांच्या पिढीने त्याबद्दल जन्मभर शिव्या मोजल्या. दिवे गेले म्हणून समाधान वाटलेला मुळशीकर बहुधा मीच पहिला.

आणि त्या मुंबईत तरी काय होतं? गिरणीत पाळीला जाणाऱ्या आया तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन जात. सरकारी अहवालांत नोंदी आहेत. आयांना दोष देण्यात अर्थ नाही. भोंगा बाळाच्या झोपेला विचारून वाजत नव्हता. आमच्याकडचा भोंगा अमेरिकेत वाजतो, एवढाच फरक. बाळाला नीज येत नाही असं म्हणत आपण कुणाच्या कामाचे तास झाकतो, हे पिरंगुटला घड्याळपंच केलेल्या माणसाला तरी कळायला हवं.

उत्तर घरातच होतं आणि ही ते रोज रात्री सांगत होती. चिमणी आणि कावळ्याची गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दारात, आणि मेणाच्या घरातली चिमणी शांतपणे बाळाला न्हाऊ घालतेय, अंग पुसतेय, तीट लावतेय, निजवतेय. मगच दार. अमेरिकेत जोडी मिंडेल या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी 2009 साली 405 आयांवर हाच प्रयोग केला. रोज त्याच क्रमाने अंघोळ, अंगाला मालिश, शांत काहीतरी, दिवे बंद. मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली आणि आयांची चिडचिडही उतरली. पैसे बाळांचे साबण-लोशन विकणाऱ्या कंपनीचे होते. आमच्या चिमणीने हे विनाअनुदान केलं.

मग आम्हीही चिमणीचं वेळापत्रक लावलं. पाळणाघरातल्या ताईंना सांगून दुपारची झोप तीनला मोडली. पावणेआठला अंघोळ, दूध, दात घासणं, पिवळा दिवा, गोष्ट एकच. पेंगुळला की जागाच अंथरुणावर ठेवायचा. फर्बरचं कडक औषध हिला चालेना, म्हणून पातळ केलं: आधी थोपटणं थांबवून हात नुसता ठेवला, मग हात काढून शेजारी खुर्ची, मग खुर्ची रोज वीतभर दाराकडे. मधल्या काळात मी खुर्चीतच झोपायचो आणि नातू मला, "आबा, घोलू नको," म्हणून उठवायचा. पण खुर्ची सरकत राहिली. दोनचं पाणी बंद झालं. निळा पेला कपाटात गेला.

एकच अडचण उरली. बरोब्बर सव्वाआठला, डोळे मिटत आले की, चिरंजीव चांदणी चौकाची गर्दी फोडून घरी पोचायचे. बेल. "बाबाऽऽ!" की ट्रॅक्टर पुन्हा शेतात. शेवटी हिने फर्मान काढलं: बाळ निजल्याशिवाय दार उघडणार नाही. बेलची बॅटरी काढून देव्हाऱ्यात ठेवली. रोज सकाळचा तास मात्र बापाचा. अंघोळ, नाश्ता, ट्रॅक्टर, सगळं त्याच्याकडे.

चिरंजीव आता गाडीत बसून "झोपला" या मेसेजची वाट बघतात. पहिल्या दिवशी बिचारा एकटा होता. पण सूनबाईंनी इतर आयांना सांगितलं असावं. परवा दूध आणायला खाली उतरलो तर पार्किंगमध्ये ओळीने गाड्या, प्रत्येकीत एकेक बाप, लॅपटॉपच्या निळ्या उजेडात अमेरिकेशी बोलणारा. एकाने काच खाली करून विचारलं, "काका, तुमच्याकडचं झोपलं का? आमचं अजून तीट लावतंय." कोपऱ्यातल्या गाडीतला बाप मीटिंग चालू ठेवूनच झोपला होता. वॉचमन म्हणाला, "साहेब, हे रोज बारापर्यंत असेच. उठवू का?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तेच मी त्याला सांगितलं. उठवू नका, फक्त पडू-आपटू देऊ नका.