कोयर काढणारे भाई

गोव्यातल्या पाळी गावात कुणाचा कंप्युटर अडला की भाईंना बोलवावे लागत नाही. ते आलेलेच असतात. खाणीच्या ऑफिसात हिशेब लिहून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह आणि तोंडात एकच निदान : "भितर कोयर साठला!" कोयर म्हणजे कचरा.

खुर्ची ओढून ते विंडोज आणि आर ही बटणे एकदम दाबतात. 'टेम्प' लिहितात, मग दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये 'टेम्प', मग 'प्रीफेच'. सगळे निवडून शिफ्ट-डिलीट. एखादी फाइल "वापरात आहे" म्हणून हलली नाही, की तिच्याकडे भाडे थकवलेल्या बिऱ्हाडकरूकडे पाहावे तसे पाहतात. शेवटी उगाचच एफ-फाइव्हचा मारा. "आता बघ, कसो धावता!"

धावत काही नाही. एकदा पाहिलेल्या पानांची चित्रे हाताशी राहावीत म्हणून ब्राउझर कॅशे ठेवतो. भाई तीही पुसून टाकतात, मग बिचाऱ्याला सगळे पुन्हा उतरवून घ्यावे लागते. पान रेंगाळले, की भाई म्हणतात, "सवय जावंदी तेका."

एका गणेशचवथीला बाहेर माटोळीखाली आरती चालू होती आणि भाई आतल्या खोलीत सफाईला बसले होते. कॅशेबरोबर कुकीज आणि साठवलेले पासवर्डही गेले. पुतणीचे कॉलेज, वहिनींचे वीजबिल, सगळी दारे बंद. प्रसाद घेत भाई म्हणाले, "पण जागा किती झाली बघ!"

2017 साली सीक्लीनर या सफाईच्याच प्रोग्रामात हॅकर शिरले, तेव्हा मात्र भाई काही दिवस गप्प होते. मग म्हणाले, "हातान केल्ले तेच बरे."

त्यांचेही चुकते कुठे? खनिजाचे ट्रक धावत तेव्हा सकाळी पुसलेला सोपा दुपारी पुन्हा लाल व्हायचा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या, धूळ बसली. भाईंचा हात थांबेना, तो कंप्युटरात शिरला. खरे तर डबा उघडला तर पंख्याच्या पात्यांवर तीच लाल धूळ सापडते, आणि यंत्र तापून मंदावते ते तिच्यामुळे. पण डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीत भाईंना रस नाही. ती वहिनी जुन्या ब्रशने झाडतात.

डिस्क खरोखरच गच्च भरली असेल, तर भाईंचा उपाय लागू पडतो. एरवी असे भाई घरी आले तर चहा जरूर द्या. पासवर्ड तेवढे आधी वहीत लिहून ठेवा.