तुमची संत्री कुठे राहतात?

प्रति,
मा. संचालक महोदय,
परदेशी जाऊन दोन आठवड्यांत देवदूत बनवणारी कंपनी

सा. न. वि. वि.

तुमचं माहितीपत्रक पोचलं. म्हणजे आलं होतं माझ्या भाचीला, न्यू जर्सीत. ती तिथे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बायॉलॉजी घेऊन. पुढे डॉक्टर व्हायचंय. तिने ते मला धाडलं, कारण मी तेहेतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते आणि आमच्या घरात इंजेक्शनाचा विषय निघाला की मावशीला विचारायची पद्धत आहे.

दोन आठवडे टांझानिया. तीन हजार डॉलर, विमानाचं तिकीट वेगळं. सोमवार ते शुक्रवार हॉस्पिटल, शनिवारी न्गोरोन्गोरोला सिंह. फोटोत विशीतली एक मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप, कडेवर कुणाचं तरी बाळ. बाळाच्या आईला फोटोत जागा मिळालेली नाही. खाली ठळक अक्षरांत: टाके घाला, बाळंतपणात मदत करा, इंजेक्शनं द्या. पूर्वानुभवाची गरज नाही.

हे शेवटचं वाचून मला आमचीच कीव आली. आम्ही नर्सिंगला गेलो तेव्हा मेट्रनबाईंनी कितीतरी दिवस नुसत्या खाटा लावायला लावल्या. चादरीचा कोपरा ढिला राहिला की उसकटून पुन्हा. मग बेडपॅन, मग तापाचे तक्ते. सुई हातात आली तीसुद्धा संत्र्यासाठी. ढीगभर संत्र्यांना पाणी टोचून झाल्यावर पहिला पेशंट, आणि तेव्हाही स्टाफ सिस्टर मागे खेटून उभ्या. तुम्ही हा सगळा वेळ वाचवलात. संत्री तुमच्याकडेही आहेतच. फक्त ती टांझानियात राहतात, आणि त्यांना दुखतं.

भाचीला विचारलं, तुमच्या न्यू जर्सीच्या हॉस्पिटलात तू काय करतेस? ती दर रविवारी जाते. व्हीलचेअर ढकलते, ब्लँकेट आणून देते, म्हाताऱ्यांशी गप्पा मारते. म्हटलं, एखादा टाका घातलास तर? म्हणाली, “मावशी, त्याच क्षणी हाकलतील मला!” मुलगी तीच, हातही तोच. पण दिवसभर विमानात बसलं की त्या हाताला गुण येतो, हा तुमचा शोध. वैद्यकशास्त्राला अगदीच नवा आहे. एखादा शोधनिबंध लिहा.

आमच्याकडे असल्या हातगुणाला सुटसुटीत नाव आहे: बोगस डॉक्टर. बारावी झालेला कुणी भाड्याच्या गाळ्यात सलाइन लावत बसला, तर आरोग्य खात्याची धाड पडते, पंचनामा होतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘मुन्नाभाई’ म्हणून मथळा येतो. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलंय. बिचाऱ्याचा हिशेब चुकला. त्याने टोचून घेणाऱ्याकडून पैसे घेतले. तुमच्यासारखे टोचणाऱ्याकडून घेतले असते, तर आज त्याचंही गुळगुळीत कागदावर माहितीपत्रक निघालं असतं.

भाषेची काळजी करू नका, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या दिवशी स्वाहिलीचा एक तास असतो म्हणे. तासाभरात ‘जाम्बो’ येईल, ‘असांते’ही येईल. पण टेबलावरची बाई ‘इनाऊमा’ म्हणाली तर? हा शब्द मी मुद्दाम शोधून काढला. ‘दुखतंय’ म्हणते ती. आणि तीच सुई उद्या आमच्या पोरीच्या बोटात गेली तर? एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. ती त्या दवाखान्यात ठेवलीत, की तिथेही ‘हाकुना मटाटा’?

तुमचं मर्म मात्र मला कळलं. अमेरिकेत आधी चार वर्षं कॉलेज, मग मेडिकलचा अर्ज, आणि त्या अर्जात पेशंटच्या आसपास घालवलेले तास दाखवायचे. पोरं धास्तावलेली असतात, आईबाप त्याहून जास्त. आमचे न्यू जर्सीकर मेहुणे तर तीन हजार डॉलर भरायला पेन उघडून बसले होते. पण तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने २०११ मध्येच सूचना काढून ठेवल्यात: जे काम मायदेशी करायची तुम्हाला मुभा नाही, ते परदेशातल्या पेशंटवर करू नका, असला अनुभव प्रवेशाला मारकही ठरू शकतो. एवढं तुमच्या पत्रकात छापायचं राहून गेलं. सिंहाने जागा खाल्ली असणार.

परदेशी जाऊन सेवा करायला माझी ना नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेच की. पण जाताना डॉक्टर होऊन गेले. पथकातले बाकीचे चौघे परतले, ते मागे राहिले. चिनी भाषा शिकले, तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं (इथे आम्हा सिस्टर लोकांची मान जरा ताठ होते) आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथल्याच मातीत गेले. चार वर्षांहून जास्त राहिले, एकाही शनिवारी सिंह नाही. तुमच्या कुठल्या पॅकेजात बसवाल त्यांना?

आणि शिकायलाच जायचं असेल तर त्याचीही रीत आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं. तिथे देशोदेशीची माणसं येतात आणि गावातल्या आरोग्य सेविकांसमोर बसून शिकतात. त्यांतल्या कितीतरी जणींनी काम सुरू केलं तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. तिथे गाव बोलतं आणि पाहुणा वहीत उतरवून घेतो. तुमच्या पत्रकातलं गाव नुसतं टेबलावर पडून असतं.

तरी म्हटलं, न विचारता दोष द्यायचा नाही. भाचीला पाच प्रश्न लिहून दिले. तुमची उत्तरं आली, आभारी आहे.

माझ्या शेजारी उभा राहणारा डॉक्टर कोण, त्याची नोंदणी आहे का? तुमचं उत्तर: अनुभवी स्थानिक टीम.

तीन हजारांतले त्या हॉस्पिटलला किती जातात? उत्तर: समाजावर खोल परिणाम होतो.

मी टाके घातलेल्या माणसाला मी परतल्यावर कोण बघणार? उत्तर: काळजी नसावी, आमचे स्वयंसेवक बारा महिने येत असतात.

हात न लावता नुसतं बघायला आले तर चालेल? उत्तर: मग तुमचे पैसे वसूल होणार नाहीत.

पाचवा प्रश्न होता: त्या हॉस्पिटलने मला बोलावलंय का? त्याला उत्तर आलं नाही. दहा टक्के सवलतीचं कुपन आलं, शुक्रवारपर्यंतचं.

कुपन वाया गेलं, क्षमस्व. पोरीने कॉलेजमार्फत दुसरीकडे अर्ज केलाय. आधी एक सत्रभर स्वाहिली, मग सहा आठवडे, तिथल्याच सिस्टरच्या हाताखाली. त्यांच्या पत्राची पहिलीच ओळ अशी: तुम्ही कुठल्याही पेशंटवर उपचार करणार नाही. काम काय, तर रजिस्टरं नीट लावायची, बघायचं, ऐकायचं. तिला ते वाचून जरा हिरमुसायला झालं. मला मेट्रनबाई आठवल्या, आणि ते पसंत पडलं. सुईची हौस भागवायला डिसेंबरच्या सुट्टीत ती इकडे येतेच आहे. नागपुरी संत्री सांगून ठेवलीत.

कळावे. पत्राच्या शेवटी ‘लोभ आहेच, तो वाढावा’ असं लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुमच्या बाबतीत एक शब्द बदलते: लोभ आहेच, तो कमी व्हावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त सिस्टर

ता. क. तुम्हाला स्वतःला कधी टाके घालायची वेळ आली तर संकोच न करता कळवा. बायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. पूर्वानुभव काहीच नाही.