काट्यावरचं विंडोज

"अकरा टाका. आता अकराच चालतं."

काटामालकाला हा सल्ला तिघांनी दिला. तिघांपैकी एकानंही काट्याच्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं.

खोली दहा बाय दहाची, इंदापूरच्या बाहेर, पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला. खिडकीबाहेर वजनकाटा. आत टेबलावर लाल आकड्यांचा इंडिकेटर, शेजारी तीन प्रतींची पावती खरडणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि एक संगणक. तो संगणक गेला होता. हंगाम तोंडावर आलेला. बिजवडी, शहाजीनगर, भवानीनगर इथल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटली की या रस्त्यावर रात्रीचा दिवस होतो. आपल्या मालाचा आकडा आपल्या हातात असावा म्हणून शेतकरी इथं थांबतो. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. त्या पावतीवर उचल ठरते, वाहतूकदाराचं भाडं ठरतं, उधारी फिटते. काटा बंद म्हणजे हे सगळं तोंडी. तोंडी हिशेबात नेहमी एकच माणूस बुडतो, आणि तो ट्रॉलीवर बसून आलेला असतो.

आता या काट्याचं पोट बघा. इंडिकेटरमधून निघालेली नऊ पिनची वायर संगणकाच्या मागे सिरियल पोर्टात जाते. वजनाचा आकडा तिथून आत येतो. पावतीचा प्रोग्राम पंधरा वर्षांपूर्वीचा. लिहिणारा माणूस धंदा सोडून गेला. प्रोग्राम चालतो तो डोंगल, म्हणजे परवान्याचं खोचायचं छोटं कुलूप, लावल्यावर, आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर 32 बिटच्या विंडोज 7पर्यंतच आहे. विंडोज 11 मुळात 32 बिटमध्ये निघालेलंच नाही. म्हणजे "अकरा टाका" या सल्ल्याचा खरा अर्थ "काटा बंद करा" असा होतो.

पुण्यातल्या एका कंपनीतून निघालेला संगणक काटामालकानं सेकंड हँडमध्ये घेतला. सहाव्या पिढीचा आय-5, 4 जीबी रॅम, मागे सिरियल पोर्ट शाबूत. विकणाऱ्यानं स्वतःच विंडोज 7 टाकून द्यायचं कबूल केलं होतं. दोन दिवसांनी त्याचा फोन: "मशीनच खराब आहे. कीबोर्ड, माऊस काहीच चालत नाही, दुसरं घ्या."

मशीन खराब नव्हतं. मी तिथं बसून बघितलं. भाषा निवडायचा पहिला पडदा येतो, आणि तिथंच माऊसचा बाण गोठतो. कारण साधं आहे. विंडोज 7 आलं 22 ऑक्टोबर 2009ला. त्याच्या डीव्हीडीत यूएसबी 3चे ड्रायव्हर नाहीत, कारण तेव्हा ते बाजारात रुळलेच नव्हते. इंटेलनं 2015मध्ये सहावी पिढी आणली आणि यूएसबी 2चा जुना कंट्रोलर काढून टाकला. मागच्या सगळ्या खाचा यूएसबी 3च्या नव्या कंट्रोलरवर गेल्या. विंडोज 7ला त्या दिसतच नाहीत. कीबोर्ड दिसत नाही, माऊस दिसत नाही, पेनड्राइव्हवरून बसवायला गेलात तर स्वतःचा पेनड्राइव्हसुद्धा दिसत नाही.

उपाय खोलीतच पडलेला होता. बंद पडलेल्या जुन्या संगणकाचा गोल पिनचा कीबोर्ड. नव्या डब्याच्या मागे गोल खाच होती. पेनड्राइव्ह बाजूला ठेवला, डीव्हीडी घातली, बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केलं, लेगसी चालू केलं. तासाभरात विंडोज बसलं. यूएसबीचे ड्रायव्हर सीडीवर उतरवून नंतर टाकले, आणि माऊस हलला. जे भंगार म्हणून हातचं सोडायला निघाले होते, ते मशीन तीनशे रुपयांच्या कीबोर्डावर उभं राहिलं.

विकणाऱ्यांना माझं सांगणं आहे. "खराब आहे" हा शब्द तोंडातून काढण्याआधी एक तास द्या. गिऱ्हाईक शेतकरी आहे, त्याला पिढी आणि पोर्ट कळत नाही. तुम्हाला कळायला हवं. त्याचेच पैसे घेता.

बसवल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. 4 जीबी रॅम, आणि विंडोज सव्वातीनच्या आसपासच वापरायला मोकळी दाखवतं. काट्यावरचा पोरगा म्हणाला, "दुकानवाल्यानं रॅम काढली." नाही काढली. 32 बिटच्या विंडोजला पत्तेच चार जीबीपुरते मोजता येतात, आणि त्यातले काही ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरला द्यावे लागतात. पावती छापायला सव्वातीन भरपूर झालं. इथं 64 बिट टाकलं असतं तर रॅम पूर्ण दिसली असती आणि डोंगल बसला असता गप्प.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रात्री वीज गेली, सकाळी संगणक चालू केला, तर तारीख कित्येक वर्षं मागं. मदरबोर्डवरचा बटणासारखा गोल सेल, सीआर 2032, मेलेला. तीस-चाळीस रुपयांची वस्तू. पण काट्याच्या पावतीवर चुकीची तारीख म्हणजे ती पावती कुणीही फेटाळू शकतो. सेकंड हँड डबा घेतला की सगळ्यात आधी हा सेल बदला. विंडोज नंतर.

परवान्याचंही बोललं पाहिजे, कारण यात तालुक्याच्या ठिकाणी सर्रास लबाडी चालते. गिऱ्हाइकाला न सांगता चोरीची प्रत टाकायची, वर इंटरनेटवरून उतरवलेला ॲक्टिव्हेटर चालवायचा. तो ॲक्टिव्हेटर चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात. घराचं दार उघडं ठेवा, आम्ही कुलूप बसवायला येतो, असं म्हणणाऱ्याला तुम्ही आत घ्याल का? विंडोज 10 प्रोचा परवाना ज्या मशीनबरोबर कंपनीनं दिला, त्या परवान्यात विंडोज 7 प्रो टाकायची मुभा आहे. जुन्या डब्यांवर विंडोज 7चा किल्ली छापलेला स्टिकर असतो. तो खरवडून निघाला नसेल तर ती किल्ली तुमची आहे. विकत घेताना डबा उलटापालटा करून बघा.

हे फक्त काट्याचं दुखणं नाही. बारामतीत, इंदापुरात लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत जा. पेजमेकर 7 अजून चालू आहे. 2001मध्ये आलेली ती त्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती. सोबत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, तिचा डोंगल. वीस-वीस वर्षांच्या फाइली त्यात आहेत. त्या युनिकोडमध्ये नाहीत. श्रीलिपीचा फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या तर "श्री गणेशाय नमः"च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसते. त्या दुकानदाराला मागासलेला म्हणू नका. त्याच्याकडे गावाच्या छापील इतिहासाचा एक कोपरा आहे, आणि तो जुन्या विंडोजच्या आधारानं जिवंत आहे. पतसंस्थांमधली डॉसच्या काळातली फॉक्सप्रोची खाती तशीच. 64 बिटचं कुठलंही विंडोज 16 बिटचा प्रोग्राम उघडत नाही. तो प्रोग्राम थेट चालवायचा तर 32 बिट हवंच.

दुकानदाराला एवढंच सांगेन: रोज दोन फाइली युनिकोडमध्ये उतरवा. डोंगल एक दिवस मरणार आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मी तितक्याच जोरात सांगणार.

हे जुनं विंडोज इंटरनेटला जोडायचं नाही. एक मिनिटसुद्धा नाही. एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014ला संपली. सातची 14 जानेवारी 2020ला. दहाची 14 ऑक्टोबर 2025ला. देखभाल संपली म्हणजे भिंतीला नवं भोक पडलं तरी बुजवायला कुणी येणार नाही. 12 मे 2017ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत होता. बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज 7चे होते. सातची देखभाल तेव्हा चालू होती, दुरुस्ती दोन महिने आधी मार्चमध्येच आली होती, लोकांनी ती टाकली नव्हती. दुरुस्ती असताना ही गत, मग आता ती येतच नाही तेव्हा काय होईल? पुढच्याच महिन्यात, जून 2017मध्ये, तशाच दुसऱ्या हल्ल्यात न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. एवढ्या मोठ्या बंदरातलं टर्मिनल थांबतं, तिथं आपल्या काट्याचं काय. 2018च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना हुकूम काढावा लागला, की एटीएम यंत्रांवरच्या देखभाल संपलेल्या सिस्टीम टप्प्याटप्प्यानं जून 2019पर्यंत बदला.

म्हणून त्या काट्यावर आम्ही नेटची वायर काढली, आणि वायफायचा छोटा अडॅप्टरही उपसून मालकाच्या हातात दिला. एक पेनड्राइव्ह ठरवला, तो फक्त रोजच्या पावत्यांच्या बॅकअपसाठी. गाणी नाहीत, सिनेमा नाही, पोराच्या प्रोजेक्टची प्रिंट नाही. नेट नसलेल्या संगणकात व्हायरस येतो तो बहुतेक वेळा पेनड्राइव्हवरूनच.

आणि एक गोष्ट बघून मला खरोखर संताप येतो. हाच सातवाला डबा "ऑनलाइनसाठी एकदम बेस्ट" म्हणून दहावीच्या पोरीच्या बापाला विकतात. बाप दुधाच्या बिलातून हप्ता भरतो. पोरगी त्यावर प्रवेशाचे फॉर्म भरते, आधार टाकते, बँकेचा पासवर्ड टाकते. क्रोमनं विंडोज 7ची साथ 2023च्या सुरुवातीला, 109व्या आवृत्तीवर सोडली. संकेतस्थळं एकेक करून उघडेनाशी होतात. पोरीला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. हा व्यवहार नाही, ही फसवणूक आहे.

त्या पोरीसाठी दुसरी वाट आहे आणि ती फुकट आहे. 64 बिटचा डबा असेल, 4 जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंट बसवा. 22व्या आवृत्तीला 2029पर्यंत देखभाल आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी घातली तर तो डबा पळायला लागतो. लिब्रेऑफिस त्यात असतंच. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून चालू करता येतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. केरळनं आपल्या सरकारी शाळा वीसेक वर्षांपूर्वी मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या आणि आजही तिथली मुलं त्याच्यावर शिकतात. आपल्याकडे 2001मध्ये एमकेसीएल निघालं, एमएस-सीआयटीच्या वर्गांनी खेड्यापाड्यांतल्या एका पिढीला माऊस धरायला शिकवलं, हे फार मोठं काम झालं. पण त्या पिढीनं संगणक म्हणजे विंडोज असंच गृहीत धरलं. ते गृहीत आता पोरांच्या खिशाला जड जातंय.

विंडोजच्या कंपनीलाही बोल लावलाच पाहिजे. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलची किमान आठवी पिढी हवी. आमच्या काट्यावरचा सहाव्या पिढीचा आय-5 रोज दिवसभर बिनतक्रार चालतो, पण कंपनीच्या लेखी तो बाद. कॅनालिस या संस्थेनं 2023मध्ये अंदाज दिला होता की दहाची देखभाल संपल्यावर जगभरातले सुमारे 24 कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. बैल धडधाकट, औत मजबूत, आणि कासरा नव्या पद्धतीचा नाही म्हणून पेरणी करू नका, असं सांगण्यातला हा प्रकार. सुरक्षा हवी हे खरं. पण चालणारं यंत्र बाद करून मिळालेल्या सुरक्षेचा खर्च कोण भरतो, तर इंदापूरचा काटामालक आणि दूध घालणारा बाप.

काट्याचं काम पूर्ण झालं त्या संध्याकाळी आम्ही आणखी दोन गोष्टी केल्या. तयार झालेल्या अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती घरी कपाटात ठेवली. आणि डोंगलला तारेनं डब्याशी बांधलं, म्हणजे झाडताना कुणी उपटून टाकणार नाही.

ज्यांच्याकडे काटा आहे, दूध संकलनाचं केंद्र आहे, डीटीपीचं दुकान आहे, त्यांना विनंती. हंगामाच्या आधी एक दिवस संगणक बंद ठेवा. डिस्कची प्रत काढा, सेल बदला, नेटची वायर उपटा. आणि गोल पिनचा एखादा जुना कीबोर्ड भंगारवाल्याला देऊ नका.