कुलूपबंद कपाटास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री कपाटराव, मुक्काम विज्ञान प्रयोगशाळा, प्राथमिक शाळा, बेंगळूरू, यांचे सेवेसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बेंगळूरूच्या पत्त्यावर असा जुन्या वळणाचा मायना पाहून कोणी चकित होऊ नये, कारण 1638 साली विजापूरकरांनी हे नगर घेतल्यावर ते शहाजीराजांकडे आले व पुढे जवळजवळ अर्धशतक भोसल्यांच्या ताब्यात राहिले. त्यामुळे येथील पत्रव्यवहारास या भाषेची ओळख आहे. पत्र अनावृत, म्हणजे पाकिटाविना व सर्वांनी वाचावे असे, धाडण्याचे कारण मात्र व्यावहारिक आहे. बंद पाकीट एकदा कपाटरावांच्या उदरात गेले की ते पुन्हा उघडले जाईल, अशी शाश्वती कोणी देत नाही.

प्रथम कपाटरावांचे गुणवर्णन करणे उचित ठरेल. त्यांच्या पोटात परीक्षानळ्या, लिटमस कागद, तापमापी, भिंग, नालाकृती लोहचुंबक, एक सूक्ष्मदर्शक आणि अर्धे अवयव हरवलेला प्लॅस्टिकचा मानवी धडाचा नमुना इतका ऐवज असून, त्यातील प्रत्येक टिकाऊ वस्तूची नोंद ‘डेड स्टॉक रजिस्टर’ नावाच्या वहीत केलेली असते. निर्जीव मालमत्तेच्या या वहीत वर्षानुवर्षे आकडा बदलत नाही, आणि त्यामुळे तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास परम संतोष होतो. न हाताळलेली काच फुटत नाही, हा या प्रयोगशाळेतील सर्वांत अधिक वेळा पडताळला गेलेला सिद्धान्त होय. फुटलेल्या नळीचा जाब शिक्षकास द्यावा लागतो, न समजलेल्या धड्याचा जाब कोणासच द्यावा लागत नाही. तेव्हा शिक्षकाने किल्ली जपावी यात त्याचा दोष फारसा नाही.

परंतु कपाटरावांची खरी कामगिरी काच राखण्याची नसून पाठ्यपुस्तकातील उत्तरे राखण्याची आहे, आणि या कामगिरीचा यथोचित गौरव अद्याप झालेला नाही. शुद्ध पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, हे वाक्य बेंगळूरूतील मुलेही तोंडपाठ म्हणतात. ते वाक्य समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबासाठी खरे आहे. पाण्याची वाफ आतून बुडबुडे करून सुटण्यासाठी तिच्या दाबाने बाहेरच्या हवेच्या दाबाची बरोबरी करावी लागते. बेंगळूरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच असल्याने येथे हवेचा भार कमी, आणि म्हणून पाणी सुमारे 97 अंशांनाच उकळू लागते. शिक्षकाने वर्गासमोर शेगडीवर पातेले ठेवून तापमापी पाण्यात धरली, तर पारा पुस्तकातील आकड्यापर्यंत पोचण्यापूर्वीच थांबेल, आणि मग चाळीस मुले विचारतील की चूक पाऱ्याची, पाण्याची की पुस्तकाची. हा प्रश्न म्हणजेच विज्ञान. तो उद्भवू नये म्हणून तापमापी कुलपात असते. परीक्षेत 100 लिहिणाऱ्या मुलास गुण मिळतात, आणि मोजून 97 लिहिणाऱ्याच्या उत्तरावर तांबडी फुली पडण्याचा संभव असतो. कपाटरावांच्या दक्षतेमुळे असे मोजणारे मूल मुळात निपजतच नाही, ही गोष्ट त्या मुलाच्या हिताची मानावी लागेल.

कपाटरावांच्या राज्यास सुरुंग लावण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. 1972 साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी 16 माध्यमिक शाळांमध्ये, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांमध्ये, प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू केला. तेथे 1978 साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन गेलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांपासून आकृत्या जोडण्याची युक्ती काढली. नळीच्या तुकड्यांत काड्या खोवून केलेला त्रिकोण कितीही दाबला तरी आकार बदलत नाही, चौकोन मात्र बोट लावताच कलंडून तिरका होतो. पुलाच्या कमानीत आणि विजेच्या मनोऱ्याच्या जाळीत त्रिकोणच का दिसतात, याचे उत्तर मुलाच्या बोटांना व्याख्येच्या आधी कळते. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्रीय संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्ता यांनी 2003 पासून दशकभर अशी शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली. शोधिकेच्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’ असून तिला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाचा हातभार लागला आहे. विनोदकाराच्या नावे विज्ञानाचे घर उभे राहावे हा योग कपाटरावांना रुचणार नाही, कारण त्यांच्या मते विज्ञान ही गंभीर व शक्यतो धूळ बसलेली बाब आहे.

या खेळण्यांचे मर्म त्यांच्या स्वस्तपणात आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धवट आहे. एक विजेचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चकतीसारखे चुंबक आणि लाखेसारखे विद्युतरोधक रोगण दिलेली तांब्याची तार यांपासून होणारी मोटार घ्यावी. तारेचे वेटोळे करून तिची दोन टोके पिनांच्या छिद्रांत टेकवायची. पैकी एका टोकाचे रोगण पूर्ण खरवडायचे, तर दुसऱ्या टोकाचे फक्त अर्ध्या घेरावरचे. नवशिके मूल उत्साहाने दोन्ही टोके पूर्ण खरवडते, आणि वेटोळे फिरण्याऐवजी पाळण्यासारखे मागेपुढे झुलत राहते, कारण अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचे बल त्यास उलट दिशेने ओढू लागते. अर्ध्या घेरावर रोगण राहिले तर त्या उलट ओढीच्या वेळी प्रवाह तुटतो आणि वेटोळे मिळालेल्या वेगाच्या जोरावर पुढे सरकते. कारखान्यातल्या मोटारीत प्रवाहाची दिशा पालटणाऱ्या ज्या भागास दिक्परिवर्तक म्हणतात, त्याचे काम येथे नखभर रोगण करते. चुकलेल्या वेटोळ्याचा झोका न पाहता केवळ बरोबर वेटोळे फिरताना पाहिलेल्या मुलास यातील अर्धे ज्ञान मिळत नाही. म्हणजे खेळण्याचा गुण त्याच्या फसण्यात, मोडण्यात आणि पुन्हा जुळण्यात आहे. स्वस्तपणा हवा तो एवढ्यासाठी की मोडल्याचे कोणास दुःख होऊ नये.

येथेच ‘टाकाऊतून टिकाऊ’ या लोकप्रिय घोषणेचा विचार करणे प्राप्त आहे. ही घोषणा शाळांच्या भिंतींवर इतकी रुळली आहे की तिच्या नावाखाली बाटल्यांच्या फुलदाण्या आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरे दरवर्षी प्रदर्शनात मांडली जातात, त्यांतील बरीचशी पालकांनी रात्री जागून केलेली असतात, आणि मग ती कपाटावर, म्हणजे कपाटरावांच्या मस्तकी, विराजमान होतात. विज्ञानाच्या खेळण्यास टिकाऊ होण्याचे काहीच कारण नाही. शीतपेयाच्या नळीचे टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरके कापले की पिपाणी होते, आणि वाजविता वाजविता ती कात्रीने आखूड करीत गेल्यास आतील हवेचा स्तंभ लहान होऊन स्वर चढत जातो. प्रयोग संपतो तेव्हा नळीही संपलेली असते. अलीकडे बेंगळूरूत याच प्रयोगांचे तयार संच रंगीत खोक्यांतून विकले जातात, ज्यांत प्रत्येक तुकडा कापलेला, प्रत्येक छिद्र पाडलेले आणि चुकण्याची प्रत्येक वाट बुजविलेली असते. कपाटरावांनी या खोक्यांस प्रतिस्पर्धी मानू नये. ती त्यांचीच नातवंडे होत.

या नगराचे वर्तन मात्र कपाटरावांस वारंवार बुचकळ्यात पाडते. ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह, वजन सुमारे 360 किलो, येथल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये घडविला गेला आणि 19 एप्रिल 1975 रोजी सोव्हिएत भूमीवरून अवकाशात गेला. 1981 च्या ‘ॲपल’ उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घेताना गाडीच्या धातूवरून रेडिओ लहरी परावर्तित होऊन मोजणी बिघडू नये, म्हणून तो उपग्रह लाकडी बैलगाडीवर ठेवला गेला. त्या बैलगाडीचे छायाचित्र पुढे दारिद्र्याचे प्रतीक म्हणून मिरविले गेले, वस्तुतः ते नेमक्या उपकरणाच्या निवडीचे उदाहरण आहे. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात एच. नरसिंहय्या यांनी 1962 साली बेंगळूर सायन्स फोरम स्थापून प्रश्न विचारण्यास प्रतिष्ठा दिली. 1999 साली सुरू झालेल्या ‘अगस्त्य’ या येथील संस्थेने तर प्रयोगशाळा व्हॅनमध्ये आणि पुढे मोटारसायकलवर घालून खेड्यांतील शाळांच्या दारात नेली, म्हणजे कपाटास चक्क चाके लावली. कर्नाटकातील सरकारी शाळांच्या पहिल्या तीन इयत्तांत ‘नलि-कलि’, अर्थात आनंदाने शीक, ही कृतिप्रधान पद्धत आहे, जिचा उगम 1995 च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात झाला. चौथीत मूल या आनंदातून बाहेर पडते आणि कपाटरावांच्या अमलाखाली येते.

कपाटरावांच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. केवळ खेळणी वाटून कपाट हरत नाही. होशंगाबादेत खेळण्यांमागे शिक्षकांची प्रशिक्षणे होती, अडचणी मांडण्यासाठी त्यांच्या मासिक बैठका होत्या, आणि मुख्य म्हणजे परीक्षा निराळी होती: मुलांना पुस्तक व वही उघडी ठेवून उत्तरे लिहिण्याची मुभा असे, आणि प्रयोगाची परीक्षा प्रत्यक्ष घेतली जाई. एवढे करूनही, तीस वर्षे चालल्यानंतर, 2002 साली राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. कपाटरावांचा वंश जिंकला, आणि त्यासाठी त्यास जागचे हलावेही लागले नाही. उलटपक्षी, प्रश्नपत्रिका तीच ठेवून वर्गात फुगे आणि चुंबके आणणाऱ्या शाळेत मुले शुक्रवारी खेळतात व सोमवारी पाठ करतात. खेळ ही तेथे मधली सुट्टी ठरते.

तूर्त कपाटरावांकडे मागणी मोठी नाही. लिटमस कागद त्यांनी खुशाल ठेवून घ्यावा, कारण हळदीने माखून वाळविलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो आणि लिंबाच्या थेंबाने पुन्हा पिवळा. ज्या घरात हळदीत चुना मिसळून कुंकू केले जाई, त्या घरातील आजीस हे लिटमसविना ठाऊक होते. मागणी आहे ती एका दिवसाची. सूर्य रोज माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, असे बहुतेक मुले समजतात. परंतु सुमारे 13 उत्तर अक्षांशावरील बेंगळूरूत तो वर्षातून दोनदाच तसा येतो, आणि त्या क्षणी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायथ्याबाहेर पडत नाही. त्यास शून्य सावली दिवस म्हणतात. पहिला, 24 एप्रिलच्या सुमाराचा, शाळेच्या उन्हाळी सुट्टीत वाया जातो. दुसरा 18 ऑगस्टच्या सुमारास येतो, तेव्हा शाळा भरलेली असते. आभाळ ढगाळ असण्याचा धोका आहे, पण तोही वहीत नोंदविता येईल. त्या दिवशी दुपारी 12 वाजून 24 मिनिटांच्या सुमारास मुलांनी मैदानात एक सरळ काठी उभी रोवावी, आणि शक्य झाल्यास चार शिपायांकरवी खुद्द कपाटरावांनाही बाहेर काढून काठीशेजारी उभे करावे. कुलूप उघडण्याची तसदी घेऊ नये. सावली त्यांचीही नाहीशी होईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.