सात लहान, एक मोठा

आमचं घराणं कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातलं. हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत कोणीतरी म्हणतंच. आरमारात नेमके काय होतो, असं विचारलं की म्हणणारा ताक मागतो. मी त्याच रक्ताचा. साकीनाक्याहून पवईला शेअर रिक्षाने जातानाही खिशात अव्होमिन ठेवतो. मुलीच्या ऑफिसने तिला तिघांचं क्रूझचं पॅकेज बक्षीस दिलं आणि तिने ते उदारपणे आमच्याकडे सरकवलं, तेव्हा मी ताक मागितलं. पण बायको आणि आत्या या दोघींनी बॅगा आधीच काढल्या होत्या.

आत्या ऐंशी ओलांडलेली. माहेर आमचंच, रेवसच्या बाजूचं; सासर देवगड. ‘कोकणसेवक’च्या डेकवर सतरंजी टाकून, ट्रंकेवर डोकं टेकून तिने बरंच आयुष्य काढलं. देवगडला बोट धक्क्याला लागत नसे. ती आत खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावात उतरत. आत्या काखेत पोर आणि हातात पिशवी घेऊन उतरायची. आमच्या घराण्यातला आरमाराचा पुरावा म्हणाल तर एवढाच.

“रत्नागिरी कितीला येते रे?” तिने टॅक्सीत विचारलं.

“नाही येत, आत्या.”

“म्हणजे थेट विजयदुर्ग?”

“तिथेही थांबत नाही. कुठेच थांबत नाही.”

“मग जाते कुठे?”

“समुद्रात.”

“आणि?”

“परत मुंबईला.”

आत्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “आणि ह्याचे पैसे घेतात?”

घेतात, आणि त्यामागे हिशोब असतो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, ही देशाची सागरी हद्द. ती ओलांडली की कॅसिनोचे दिवे लागतात. साकीनाक्याहून बॅलार्ड पिअरही रस्त्याने जवळजवळ तेवढंच. त्यातला निम्मा वेळ आमच्याच नाक्यावर, मेट्रोच्या खांबाखाली, एका पाण्याच्या टँकरच्या मागे गेला. पुढची २२ किलोमीटरं बोटीने एकदाही हॉर्न न वाजवता कापली, याचं मला अजून कौतुक आहे.

बॅलार्ड पिअरवरून एके काळी साहेब लोक विलायतेला जात. आता तिथे विमानतळासारखं टर्मिनल आहे आणि एक्स-रे मशीनमध्ये लोकांचे ठेपले अडकतात. आमचा चिवडा अडकला.

बोट सुटण्याआधी कवायत. टायटॅनिक १९१२ साली बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये बोटीवरच्या जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तरी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांची कवायत व्हायची होती. आता ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. आमच्या कार्डावर ‘सी’ लिहिलं होतं, म्हणजे पाचव्या मजल्यावरचं एक लाउंज. तिथे एक गोव्याचा तरुण केशरी जॅकेट घालून उभा होता. सात लहान भोंगे आणि एक मोठा ऐकू आला की केबिनमधलं जॅकेट घ्यायचं, लिफ्टमध्ये शिरायचं नाही, इथे यायचं, असं तो सांगत होता. लोक त्याच्या जॅकेटसोबत सेल्फी काढत होते. पहिल्या रांगेत पदर खोचून बसलेल्या आत्याने मात्र त्याला दोनदा सगळं पुन्हा म्हणायला लावलं.

“आणि दिवे गेले तर?”

“जमिनीवरच्या पट्ट्या चमकतात, आजये.”

आत्याने वाकून पट्टी हाताने चाचपून पाहिली.

आमच्या केबिनला खिडकी नव्हती. टीव्हीवर एक चॅनेल होतं, त्यावर बोटीच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसे. रात्री बायकोने तो बराच वेळ पाहिला आणि “छान आहे” म्हणून बंद केला. मला छतातून खाली उघडणारा पलंग मिळाला होता.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रातला. समुद्र निळा होता.

याहून जास्त समुद्राबद्दल लिहिता येत नाही, कारण त्या बोटीवर त्याच्याकडे कोणी पाहतच नाही. खुर्च्या स्टेजकडे तोंड करून, स्टेज बारकडे, बार पोहण्याच्या तलावाकडे आणि तलाव पुन्हा स्टेजकडे. एवढा अरबी समुद्र चारी बाजूंनी फुकट पसरलेला, आणि माणसं क्लोरीनच्या पाण्यात रांग लावून उतरतायत! सकाळी नऊपासून स्पीकरवर जे सुरू झालं, ते गणपतीत आमच्या नाक्यावर वाजतं तेच. त्यासाठी देशाची हद्द ओलांडायची गरज नव्हती.

बोटीच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, ते डोलणं कमी करतात. कमी करतात, बंद करत नाहीत. फरक नाश्त्यानंतर कळला. एका वेटरने माझा चेहरा पाहून न विचारता हिरवं सफरचंद हातात दिलं. बोटीवरचा तो जुना उपाय आहे म्हणे. सफरचंद आणि गोळी दोन्ही घेऊन मी डेकवरच्या खुर्चीत आडवा झालो. शेजारी आत्या जपमाळ ओढत होती.

जाग आली तेव्हा शेजारी नुसती जपमाळेची पिशवी होती.

प्रथम वाटलं, बाथरूमला गेली असेल. मग वाटलं, बायकोबरोबर असेल. बायको एकटीच आली. “माझ्याबरोबर कशी असेल? तुमच्याकडे सोपवून गेले होते.” तिच्या या वाक्याला पुढे बरीच उपवाक्यं जोडली गेली.

अकरा मजल्यांच्या बोटीवर माणूस शोधणं म्हणजे काय, हे सांगतो. सगळे कॉरिडॉर सारखे, सगळे गालिचे सारखे. पुढे चाललोय असं वाटताना आपण मागच्या टोकाला पोचतो आणि तिथे तोच फोटोवाला पुन्हा “सर, फॅमिली फोटो?” म्हणतो. फॅमिलीच हरवली होती. मोबाइलला रेंज नाही, वायफायचा दर विचारला तर विचारल्याचेही पैसे लागतील असं वाटलं. मी आत्याला शोधत होतो, बायको आत्याला शोधत होती, आणि थोड्या वेळाने आम्ही एकमेकांना शोधत होतो. सफरचंद हातात तसंच.

रिसेप्शनवरच्या मुलीने एक अर्ज भरायला दिला. शेवटचं कुठे पाहिलं? कपडे? “सुती पातळ, हिरवं,” मी म्हणालो. मुलीने ‘ट्रॅडिशनल’ लिहिलं. तिने आत्याच्या कार्डाचा हिशोब स्क्रीनवर काढला. त्यात एक पाण्याची बाटली होती, तीही आदल्या दिवशीची.

तेवढ्यात बायको केबिनमधून धापा टाकत आली. “कपाटातलं एक जॅकेट नाहीये.”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो.

“म्हणजे ती पाण्यात आहे,” बायको म्हणाली, “पण तरंगतेय.”

हसू नका. मीही त्या क्षणी हसलो नाही. कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. सात मजले खाली पाणी फेसाळत मागे जात होतं, आणि ते कुठल्याच टीव्हीवरच्यासारखं दिसत नव्हतं. आत्याने मला लहानपणी भाऊच्या धक्क्यावर कमरेला धरून लाँचमध्ये चढवलं होतं. तिच्या हाताची ती पकड मला त्या कठड्याशी आठवली, आणि पोटात जो गोळा आला, त्याचं कारण डोलणं नव्हतं.

“क्या हुआ, भाईसाब?” मागून आवाज आला. छातीवर बिल्ला लावलेला जाडगेला माणूस. बोटीवर पाइप-फिटिंगच्या डीलरांचं संमेलन भरलं होतं, त्यातला हा एक. “कहाँ से?”

“साकीनाका.”

“साकीनाका! कहाँ? हमारा गाला खैरानी रोड पे है!”

देशाची हद्द ओलांडून बारा मैलांपुढे गेल्यावर मला खैरानी रोड भेटला. त्याने एक शब्द जास्त विचारला नाही. संमेलनात जाऊन माइक घेतला, आणि दोन मिनिटांत बिल्ले लावलेली माणसं मजले वाटून घेऊन “आत्याजी! ओ आत्याजी!” करत पांगली. स्पामध्ये, जिममध्ये, स्वयंपाकघराच्या दारात. एका डीलरने कॅसिनोतून हिरव्या साडीतल्या एक बाई आणल्या. त्या मीरा रोडच्या निघाल्या आणि जिंकत होत्या, म्हणून फार संतापल्या.

आत्या पाचव्या मजल्यावर सापडली. ‘सी’ लाउंजमध्ये, रिकाम्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत. केशरी जॅकेट, पट्टे नीट ओढून बांधलेले, मांडीवर पर्स.

“किती वेळ!” ती आमच्यावरच कडाडली. “मी केव्हाची तुमची वाट बघतेय. कार्डावर ‘सी’ लिहिलंय ना तुमच्याही?”

दुपारी बारा वाजता बोटीचा भोंगा झाला होता. बारा वाजले म्हणून वाजवायची जुनी रीत. मी झोपेत होतो.

“आत्या, तो एकच होता. सात लहान, एक मोठा असं सांगितलं होतं त्याने.”

“सात मोजत बसणारे कुठे गेले, माहीत आहे मला.”

मग मी गप्प बसलो. आमच्या घरातून एक माणूस ‘रामदास’ बोटीने निघाला होता, तिचा काका. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, मुंबईला कळायला दुपार झाली. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. आत्या तेव्हा चार वर्षांची.

“गावातला एक जण पोहत वाचला,” ती म्हणाली. “तो सांगायचा, लाट आली आणि सगळे एकाच बाजूला धावले. धावायचं नसतं रे. सांगितल्या जागी येऊन बसायचं असतं.”

बायकोने तिच्या जॅकेटचा पट्टा सोडायला हात पुढे केला. आत्याने तो बाजूला सारला. सुटका झाल्याचं बोटीच्या माणसाने सांगितल्याशिवाय ती उठणार नव्हती. शेवटी त्या गोव्याच्या पोराला शोधून आणलं. त्याने एकवार आमच्याकडे पाहिलं, मग तिच्यासमोर ताठ उभा राहून म्हणाला, “जालें, आजये. सोंपलें सगळें.”

“बरं,” आत्या म्हणाली. “जेवायचं कुठे?”

जेवण बंद झालं होतं. ती माझ्या हातातलं सफरचंद खात असताना स्पीकरवर ‘मिसेस सबद्रा’ यांना रिसेप्शनवर बोलावणं आलं. हे आपलं नाव असेल असं सुभद्राबाईंना अखेरपर्यंत वाटलं नाही.

संध्याकाळी डीलरांनी तिला संमेलनात नेलं. शाल, नारळ, फोटो. नारळ बोटीवर कसा चढला देव जाणे, आमचा चिवडा चढला नव्हता. खैरानी रोडवाल्याने माइक दिला. दोन शब्द बोला म्हणाला. आत्याने समोरच्या माणसांना विचारलं, “जॅकेट किधर है तुम लोगों का, मालूम है?” कोणालाच माहीत नव्हतं. मग तिने संमेलन उठवलं. निम्मे केबिनकडे पळाले आणि जॅकेटं घेऊन आले. वर्षभरात सर्वाधिक पीव्हीसी विकल्याबद्दल ट्रॉफी मिळालेले गृहस्थ पट्टा उलटा बांधून बसले होते, त्यांचा तिने स्वतः सोडून पुन्हा बांधला. डीजेला थांबवून भोंग्याचा आवाज काढायला लावला.

“सात छोटा, एक बडा,” ती म्हणाली. “लेकिन सात गिनने का नहीं. पैला बजा के इधर आके बैठने का. और भागने का बिलकुल नहीं. समझा क्या?”

“समझा, आत्याजी!”

“फिर से बोलो.”