पालक: नग एक

जर्मनीत मूल एक वर्षाचं झालं की पाळणाघरात जागा मिळणं हा त्याचा कायदेशीर हक्क आहे, १ ऑगस्ट २०१३ पासून. जागा असतेच असं नाही. श्टुटगार्टला आल्याआल्या आम्ही धाकटीसाठी अर्ज केला. पत्र आलं तोवर ती चालायला, बोलायला आणि दादाच्या गाड्या लपवायला शिकली होती.

पत्रासोबत यादी होती. रबरी बूट, चिखलात लोळायची विजार, घरात घालायच्या सपाता, कपड्यांचे जादा जोड. शेवटी: एक पालक, शक्यतो रोज तोच. बायकोची नोकरी नवी, माझं काम रात्रीही उरकण्यासारखं. तेव्हा तो नग मी.

इथे मुलांना बर्लिनमध्ये तयार झालेल्या पद्धतीनं रुळवतात. पहिले तीन दिवस ताटातूट अजिबात नाही. पालकानं कोपऱ्यात बसून राहायचं. चौथ्या दिवशी त्यानं बाहेर जाऊन पाहायचं, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. मुलाला ढकलायचं नाही, बोलवायचं नाही. त्यानं वळून पाहिलं तर आपण दिसलो पाहिजे, एवढंच. मागे जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाचा सिद्धान्त आहे. आधार पक्का असला की मूल निर्धास्तपणे दूर जातं म्हणे.

मी आधार व्हायला कंबर कसून गेलो. बालवाडीचा पहिला दिवस म्हणजे फाटकाचे गज, भोकाड आणि काखोटीला मारून आत नेणाऱ्या बाई, हे माझ्या हाडात मुरलेलं. खिशात राजगिऱ्याची वडी होती. आमची कन्या आत शिरली आणि सरळ वाळूकडे गेली. वळून पाहिलंच नाही. बोल्बीसाहेबांनी या प्रसंगी बापानं चेहरा कसा ठेवावा ते सांगितलं असेल, तर ते माझ्यापर्यंत पोचलेलं नाही.

कोपऱ्यातली खुर्ची वीतभर उंचीची. गुडघे कानाशी आले. बाई येऊन काही म्हणाल्या म्हणून अदबीनं उठलो, तर खुर्चीही सोबत उठली. मग पाऊस आला. आता मुलांना आत घेतील, असं मला वाटलं. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. लेक डबक्यात फतकल मारून बसली आणि माझ्या तोंडून ‘अगं, सर्दी होईल!’ अशी हाक गेली, ती तिच्याखेरीज सर्वांनी ऐकली. बाईंनी हसत मला पुन्हा कोपरा दाखवला.

रोज रात्री कराडहून आईचा व्हिडिओ कॉल. ‘रडली का रे पोर?’

‘नाही.’

‘जरासुद्धा?’ आईला यात माझ्या संगोपनाचीच खोट दिसत होती.

माझ्याशी बोलणारा तिथे एकच होता, सोनेरी केसांचा तीन वर्षांचा गृहस्थ. तो खेळण्यातल्या चुलीवर लाकडी अंडं शिजवून मला आणून द्यायचा आणि मी संपवेपर्यंत समोर उभा राहायचा. माझं जर्मन त्याला पुरत होतं.

चौथ्या दिवशी निरोप. चोरून सटकायचं नाही, सांगून जायचं, असं बाईंनी बजावलं होतं. पण घराण्याचे संस्कार! मी खिडकीकडे बोट करून ओरडलो, ‘ते बघ काऊ!’ आणि दाराकडे धावलो. सगळी मुलं खिडकीकडे पाहू लागली. लेक तेवढी माझ्याकडे बघत होती. ‘बाय बाबा,’ म्हणाली आणि फावडं उचललं. मी मात्र दाराच्या काचेला नाक लावून तो अर्धा तास काढला. बाईंनी कॉफी आणून दिली, पाठीवर थोपटलं आणि फार सौम्यपणे सुचवलं की उद्यापासून आईला पाठवून पाहू या का.

बायकोनं कशीबशी सुट्टी काढली. संध्याकाळी आली ती सांगत, ‘आज तुझ्यासाठी एक मुलगा ढसाढसा रडला.’

मी लगेच कराडला फोन लावला. अखेर कुणीतरी रडलं होतं! आईला रंगवून सांगत होतो, तेवढ्यात बायकोनं माझ्या जाकिटाच्या खिशात हात घातला आणि लाकडी अंडं बाहेर काढलं.