कोपरे गोल करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत
(फ्लेक्सच्या दुकानात नव्याने बसणाऱ्या ऑपरेटरांसाठी)

गिऱ्हाईक खुर्चीमागे उभं राहून ‘कोपरे जरा राऊंड मार रे’ म्हणालं, की ‘किती?’ असं कदापि विचारू नये. त्याला आकडा ठाऊक नसतो. त्याच्याजवळ ‘अजून थोडं’ आणि ‘एवढं नको’ अशी दोनच मापं असतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये तुमची दुपार जायची असते.

माउसला हात लावण्यापूर्वी परंपरा माहीत असावी. या शास्त्रातलं आद्य गिऱ्हाईक म्हणजे स्टीव्ह जॉब्ज. १९८१ साली ॲपलमध्ये बिल ॲटकिन्सनने पडद्यावर वर्तुळं आणि लंबवर्तुळं झरझर काढून दाखवली. तीसुद्धा वर्गमूळ न काढता, नुसत्या विषम संख्यांच्या बेरजेवर. कारण मॅकिंटॉशच्या प्रोसेसरला त्याहून जड गणित झटपट जमण्यासारखं नव्हतं. इतरांना कौतुक वाटलं. जॉब्जने विचारलं, गोल कोपऱ्यांचा आयत येतो का? ॲटकिन्सन म्हणाला, अवघड आहे, आणि त्याची गरजही नाही. मग जॉब्जने त्याला खोलीतल्या वस्तू दाखवल्या, बाहेर रस्त्यावर नेलं आणि दिसेल तो गोल कोपऱ्यांचा आयत दाखवत सुटला. ‘नो पार्किंग’च्या पाटीपाशी ॲटकिन्सनने हात टेकले. दुसऱ्या दिवशी दुपारी काम तयार होतं. यावरून नवोदिताने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ‘गरज नाही’ हे ऑपरेटरने म्हणायचं नसतं. आणि ‘उद्या दुपारी’ ही मुदत ॲटकिन्सनला मिळाली म्हणून आपल्याला मिळत नाही. साहेबांचा वाढदिवस उद्या असतो आणि फ्लेक्स आज रात्री चौकात चढायचा असतो.

आता कृती. कोरल उघडावं. एफ६ दाबून चौकट काढावी, एफ१० दाबून शेप टूल घ्यावं, कोपऱ्यातला ठिपका धरून ओढावा. चारही कोपरे एकदम गोल होतात. पद्धत संपली.

एवढ्यावर पगार मिळत नाही, कारण फाइल तुम्ही काढलेली नसते. ती दुसऱ्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आलेली असते आणि तिथल्या माणसाने फॉन्ट उडू नयेत म्हणून सगळं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू ठोकलेलं असतं. त्यात अक्षरांचे कर्व्ह होतात तसे चौकटीचेही होतात. मग ती चौकट दिसायला चौकटच, पण ठिपका ओढला की कोपरा गोल न होता थेट जिल्हाध्यक्षांच्या कानापर्यंत ताणला जातो. यावर फिलेट नावाचा इलाज आहे. तरीही वरून नवी चौकट काढून जुनी उडवणंच बरं. तिच्यावर माया करू नये.

गोल करून कर्व्ह झालेली चौकट आडवी ओढण्याचा मोह तर अजिबात नको. कोपरे बेकरीतल्या दबलेल्या पावासारखे चपटे होतात.

गिऱ्हाइकाचा पुतण्या हा या शास्त्रातला सर्वांत कठीण भाग. त्याने मोबाइलवर काकांच्या फोटोचे कोपरे स्वतःच गोल करून व्हॉट्सॲपवर पाठवलेले असतात. फोटो जेपीजी होऊन येतो, आणि जेपीजीत पारदर्शक असं काही नसतं. पांढऱ्या पडद्यावर तो झकास दिसतो. भगव्या पार्श्वभूमीवर ठेवला की काकांच्या चारही बाजूंना चार पांढरे तुकडे उगवतात. पुतण्याला यातलं काही समजावू नये. ‘वा, छान केलंय’ म्हणावं, मूळ फोटो मागून घ्यावा आणि गुपचूप गोल चौकटीत पॉवरक्लिप करावा.

मापांचंही बघावं. फुटाला इंच धरून काम करत असाल, तर पडद्यावरची ०.१ इंच त्रिज्या चौकात १.२ इंच होते. फोटोभोवती पट्टी द्यायची असेल तर आतली त्रिज्या अधिक पट्टीची जाडी, एवढी बाहेरची त्रिज्या ठेवावी: आत अर्धा इंच, पट्टी पाव इंच, तर बाहेर पाऊण. दोन्हीकडे अर्धाच ठेवला तर पट्टी कोपऱ्यात जाड होते. हे कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त शेजारच्या दुकानदाराच्या येतं आणि तो ते सगळ्यांना सांगतो.

शुभेच्छुकांच्या रांगेत मात्र सर्वांना एकच त्रिज्या. एकाचे कोपरे जास्त गोल झाले तर त्याचा गट वेगळा झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत वॉर्डभर होते.

क्वचित एखादं गिऱ्हाईक सगळं मान्य करून जाता जाता म्हणतं, ‘आता फ्लेक्सचेच चार कोपरे राऊंड मार की.’ फ्लेक्स लाकडी पट्ट्यांच्या चौकोनावर ताणून ठोकतात, हे त्याला तुम्ही सांगायचं कारण नाही. हसून फ्रेमवाल्याचा नंबर द्यावा.